वळकटी, शिदोरी आणि तेवीस किलो

मराठी प्रवासवर्णने वाचताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. लेखक बोटीचे वर्णन करतो, बंदराचे करतो, परक्या शहरातील थंडीचे आणि रोषणाईचे करतो. परंतु घरून निघताना त्याने बरोबर काय घेतले होते, याविषयी तो सहसा मौन पाळतो. सामान ही जणू सांगण्याजोगी बाबच नव्हे. अलीकडे परदेशी जाणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शनपर पुस्तके निघतात, त्यांत मात्र सामानाखेरीज दुसरे फारसे काही नसते, आणि तेथे सगळा प्रश्न जागेचा व वजनाचा असतो. थोड्या जागेत अधिक वस्तू कशा बसवाव्यात, एवढेच त्यांना सांगायचे असते. आमचे म्हणणे असे की, दीर्घ मुदतीसाठी परदेशी निघालेल्या माणसाचे सामान हा जागेच्या आधी निवडीचा प्रश्न आहे. तिकडे गेल्यावर आपल्यातले काय बदलले तरी चालेल आणि काय बदलू द्यायचे नाही, याचा निर्णय सामान बांधताना घेतलेला असतो. तो बहुधा बोलून दाखवला जात नाही, एवढेच. हे म्हणणे मराठवाड्याच्या, विशेषतः नांदेड-लातूर परिसराच्या, आणि एकूण मराठी परदेशगमनाच्या इतिहासातून तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभ शब्दांपासून करावा. प्रवासाच्या सामानासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. गाठोडे, बोचके, पडशी, वळकटी, झोळी, कंठाळ, शिदोरी. यांतील प्रत्येक शब्दामागे प्रवासाची एक निराळी रीत उभी आहे. सतरंजीत कपडे गुंडाळून दोरीने बांधली की वळकटी झाली. पुढे तिची जागा होल्डॉलने घेतली आणि आता तीही गेली. परंतु कपडे घडी करण्याऐवजी गुंडाळून ठेवले तर कमी जागा व्यापतात, हा आजच्या जाणकारांचा सल्ला म्हणजे वळकटीचेच पुनरागमन होय. जनावराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी दुपाखी पिशवी ती कंठाळ. नांदेड-लातूरच्या भागातून धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांना दोन्ही बाजूंचे वजन सारखे राखावे लागे, नाहीतर बैलाची पाठ सोलवटून निघे. विमानतळाला निघण्याच्या आदल्या रात्री काट्याला बॅग लटकावून एकीतले लोणचे दुसरीत हलवणारे कुटुंब हेच जुने काम करीत असते.

या शब्दांची विभागणी केली तर मराठी प्रवासाच्या दोन परंपरा हाती लागतात. पहिली रिक्तहस्त जाण्याची. महानुभाव पंथात अटनाला, म्हणजे एका जागी न रमता फिरत राहण्याला, मोठे स्थान आहे. झोळी आणि भिक्षा एवढ्यावर निभावायचे, उद्याचे आज जवळ ठेवायचे नाही, हा त्या अटनामागील विचार. माहूरपासून पैठणपर्यंतचा मुलूख या पंथाला परिचयाचा असल्याने मराठवाड्याला ही परंपरा नवी नाही. दुसरी परंपरा शिदोरीची. घरचे अन्न घेऊन निघायचे आणि शक्य तितका काळ त्यावरच राहायचे. या शिदोरीतील दशमीचे उदाहरण बोलके आहे. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. पाण्यात भिजवलेल्या पोळीसारखी ती खरकटी मानली जात नसे, म्हणून सोवळे पाळणाऱ्यालाही ती वाटेत खाता येई. म्हणजे प्रवासाला काय न्यायचे, हे ठरवताना पदार्थ किती दिवस टिकतो एवढेच पाहिले जात नव्हते. तो खाल्ल्याने आपण आहोत ते राहतो की नाही, हेही पाहिले जात होते. दीर्घ प्रवासाचे सामान बांधणारा प्रत्येक जण या दोन परंपरांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो.

मराठवाड्यापुरता येथे एक विशेष लक्षात घ्यायला हवा. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर ही निजामाच्या हैदराबाद संस्थानातील गावे होती, त्यामुळे येथील माणसाला परदेश गाठण्यासाठी समुद्रापर्यंत जावे लागत नव्हते. बार्शी इंग्रजी अमलात आणि लातूर मोगलाईत. दोहोंच्या मध्ये सरहद्द. संस्थानाचे नाणे वेगळे, टपालाची तिकिटे वेगळी, जकातीचे खाते वेगळे. त्या खात्याला करोडगिरी म्हणत. सरहद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर माल दाखवावा लागे आणि त्यावर सर्वसाधारणपणे शेकडा पाच या दराने जकात बसे. हाली रुपया नाक्यापलीकडे चालत नसे. तेथे कलदार लागे, आणि सहा कलदारांना सात हाली असा सरकारी हिशेब होता. म्हणजे ‘सामानात काय आहे?’ हा अधिकाऱ्याचा प्रश्न आणि ‘पैसे बदलून घेतले का?’ हा घरच्यांचा प्रश्न, हे दोन्ही प्रश्न लातूरकराला पुण्याला जातानाच भेटत होते. मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरील कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे नाके जाळले, त्यामागे राजकीय डावपेच होते हे खरे; पण सामान्य माणसाच्या गाठोड्यात हात घालणारी सत्ता तो नाक्यावरच प्रत्यक्ष पाहत होता, हेही विसरता येत नाही.

रेल्वेनेही येथील सामानाला एक मर्यादा घालून दिली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ साली लातूरला पोचली. तिने कुर्डुवाडीपर्यंत यायचे आणि तेथे उतरून मुंबईची मोठी गाडी धरायची. नांदेडहून मुंबईला जायचे तर मीटरगेजने मनमाडपर्यंत आणि तेथे पुन्हा गाडी बदलायची. एका फलाटावरून दुसऱ्यावर जे स्वतःला किंवा एका हमालाला उचलून नेता येईल, तेवढेच सामान खऱ्या अर्थाने आपले. लातूरची ही वाट रुंद व्हायला २००८ साल उजाडावे लागले. ट्रंका जड असूनही प्रवासी आटोपशीर का राहिले, याचे एक कारण या गाडीबदलात आहे.

या भागातून समुद्रापार जाणाऱ्यांची सर्वांत जुनी आणि अखंड वाट कोणती, असे विचारले तर उत्तर हजयात्रा हेच द्यावे लागेल. मराठी प्रवासवाङ्मयाच्या इतिहासात तिला जवळपास जागा नाही, ही आपल्या अभ्यासातील मोठी उणीव आहे. नांदेड, उदगीर, कंधार, औसा येथील यात्रेकरू मुंबईला येत, मुसाफिरखान्यात उतरत, आणि बोटीने जेद्दाला जात. मुंबईहून यात्रेकरूंना नेणारी बोट १९९५ पर्यंत चालू होती. त्यानंतर सगळी वाहतूक विमानाने होऊ लागली. बोटीच्या काळात जाण्यायेण्याचे आणि मुक्कामाचे धरून महिनेच्या महिने लागत, तेव्हा पीठ, तांदूळ, डाळ, भांडीकुंडी यांवाचून गत्यंतर नव्हते. निवाऱ्याची चिंता थोडी कमी होती. मक्केत निजामाच्या रुबाती, म्हणजे धर्मार्थ निवास, होत्या. संस्थान विलीन झाल्यानंतरही जुन्या संस्थानी मुलखातील, म्हणून मराठवाड्यातीलही, यात्रेकरूंना तेथे उतरण्याचा हक्क दीर्घकाळ राहिला. जे राज्य नकाशावरून गेले, त्याची सरहद्द मक्केतील एका घराच्या दाराशी जिवंत होती.

परंतु या शिदोरीच्या पोटातच रिक्तहस्ततेची आठवण बांधलेली असे. यात्रेकरू पुरुषाला एहरामच्या दोन बिनशिलाईच्या पांढऱ्या चादरी नेसाव्या लागतात. त्यांवरून नांदेडचा जमीनदार कोण आणि औशाचा विणकर कोण, हे ओळखता येत नाही. अनेक वयस्क यात्रेकरू कफनाचे कापडही बरोबर नेत, ते झमझमच्या पाण्यात भिजवून, वाळवून परत आणीत आणि पेटीत जपून ठेवीत. सामानात सर्वांत हलकी असलेली ही वस्तू अर्थाने सर्वांत जड होती. परतीच्या सामानात झमझमचे पाणी आणि खजूर असायचे, ते गावात वाटून टाकण्यासाठी. ज्या यात्रेत माणूस परत येईलच अशी खात्री नव्हती, तिचे सामान परत येण्याच्या आणि न येण्याच्या दोन्ही शक्यता धरून बांधले जात होते.

सवर्ण हिंदूंची अडचण वेगळी होती. समुद्र ओलांडल्याने धर्म जातो ही समजूत प्रबळ असल्याने, त्यांच्या सामानाला आपण जसे गेलो तसेच परत आलो याचा पुरावा व्हावे लागे. राघोबादादांचे वकील म्हणून १७८१ साली हनुमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ एका पारशी सहकाऱ्यासह लंडनला गेले. त्यांच्या सोवळ्याखाण्याची होणारी आबाळ पाहून एडमंड बर्कने बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेतील काचघर त्यांना स्वयंपाकासाठी मोकळे करून दिले. इंग्लंडच्या राजकारणातला एक थोर वक्ता आपल्या बागेत मराठी ब्राह्मणाची चूल मांडू देतो, हा प्रसंग गमतीचा खरा. पण राजकीय शिष्टाईइतकेच लक्ष चुलीकडे द्यावे लागत होते, ही त्याची दुसरी बाजू आहे.

यानंतर शंभर वर्षांनी, १८८३ च्या एप्रिल महिन्यात, दोन मराठी स्त्रिया भारताच्या दोन टोकांहून बोटीवर चढल्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून अमेरिकेकडे निघाल्या, आणि पंडिता रमाबाई आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडकडे. दोघींनी साडी नेली आणि दोघींनी शाकाहार नेला. नुसती यादी पाहिली तर दोघींचे सामान एकच दिसेल. पण या दोन गाठोड्यांचा अर्थ अगदी भिन्न होता, आणि आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा तेथेच आहे.

आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर येथे इंग्रजीतून जाहीर भाषण केले होते. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, ही त्या भाषणातील ग्वाही होती. त्यामुळे त्यांची साडी हा त्यांचा खाजगी पोशाख उरला नाही. समाजाला दिलेल्या शब्दाचा तो दस्तऐवज झाला. न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारी नेसल्याने पोटऱ्या उघड्या राहतात, ही अडचण लौकरच लक्षात आली. आनंदीबाईंनी काय केले? साडी टाकून गाऊन घातला नाही. त्या गुजराती पद्धतीने, पाय झाकतील अशी साडी नेसू लागल्या. शब्द पाळायचा आणि शरीरही राखायचे, यांतून काढलेली ही वाट होती. एवढा बदलही गोपाळरावांना सहज पचला नाही, हे त्या काळच्या पत्रव्यवहारातून कळते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले. साडीने आणि शाकाहाराने त्यांचा बळी घेतला, असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. प्रकृती मुळातच नाजूक होती, क्षयावर त्या काळी औषध नव्हते, आणि अमेरिकन पोशाखातील माणसेही या रोगाने मरत होती. परंतु परक्या हवेत स्वतःच्या देहाची सोय पाहण्याची मोकळीक त्यांच्या सामानात नव्हती, एवढे म्हणता येईल. ती आधीच, सभेपुढे, मागे ठेवलेली होती.

रमाबाईंचे तसे नव्हते. त्यांच्या मागे नवरा नव्हता आणि कोणत्याही सभेला त्या बांधील नव्हत्या. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्म बदलला, तरी साडी राहिली आणि शाकाहारही राहिला. ज्या भगिनीमंडळाच्या आश्रयाला त्या होत्या, तेथील वरिष्ठांना हे समजेना. बाप्तिस्मा घेतलेल्या स्त्रीने अंडे घातलेले पुडिंग का नाकारावे? त्यांना त्यात जुन्या जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंच्या लेखी तो आपल्या देशाच्या रीतीचा आणि स्वतःच्या विवेकाचा प्रश्न होता, आणि त्यासाठी त्या वाद घालीत राहिल्या. श्रद्धा, अन्न आणि वस्त्र ही एकाच गाठीत बांधलेली असतात असे त्या काळी दोन्ही बाजू धरून चालत होत्या. रमाबाईंनी ती गाठ सोडून प्रत्येक वस्तू वेगळी केली, आणि कोणती ठेवायची याचा निर्णय एकेकीपुरता, स्वतः घेतला. त्यांचे ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप पुस्तक आणि १८८९ चे अमेरिकेवरील प्रवासवृत्त यांतील जी मोकळी, चिकित्सक नजर आपण वर्गात वाखाणतो, तिचे मूळ आम्हाला या सोडवलेल्या गाठीत दिसते. १८८६ च्या पदवीदान समारंभाला रमाबाई फिलाडेल्फियात उपस्थित होत्या. सारखीच साडी नेसलेल्या या दोन स्त्रिया त्या दिवशी समोरासमोर आल्या, तेव्हा प्रेक्षकांना त्यांच्यातील साम्यच दिसले असेल.

सामान वाटेत हरवले म्हणजे काय होते, याचेही एक दाखल्यादाखल उदाहरण आपल्या वाङ्मयात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे दक्षिणा मिळवण्यासाठी गेले. मिळवलेले द्रव्य लुटले गेले. तरी त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावरून घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. द्रव्य घरचे कर्ज फेडण्यासाठी हवे होते, त्याच्या अभावाने कुटुंबाचे हाल झालेच असतील. पण ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्याच्या मनात शेवटी उरते ती कावड.

हे उदाहरण अलीकडच्या एका घटनेने आमच्या परिसराला पुन्हा आठवले. लातूर आणि नांदेड ही बारावीच्या व वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीची मोठी केंद्रे. देशातील जागा मर्यादित, म्हणून येथील कितीतरी मुले-मुली रशिया, युक्रेन, किर्गिझस्तान, फिलिपाइन्स अशा देशांत वैद्यकीय शिक्षणाला जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांत याही जिल्ह्यांतील मुले होती. सरहद्दीकडे चालताना मोठ्या बॅगा वाटेत टाकाव्या लागल्या. पाठीवर राहिली ती कागदपत्रे, फोन आणि एखादा गरम कपडा. ज्या बॅगा भरताना घरच्यांनी आठवडा घालवला होता, त्या परक्या रस्त्याच्या कडेला राहिल्या. परत आणण्याच्या मोहिमेला ‘ऑपरेशन गंगा’ हे नाव मिळाले. मुलांनी काय टाकले आणि काय राखले, याची नोंद कोणी करून ठेवली असेल तर ती शतकानंतर मोलाची ठरेल.

आजच्या प्रवाशाच्या बॅगेला वजनाची मर्यादा असते. बऱ्याच विमानकंपन्या सामान्य वर्गात एका बॅगेला तेवीस किलो आणि हातातील सामानाला सात किलो देतात. कंपनी आणि मार्ग बदलला की आकडेही बदलतात. या तेवीस किलोंत आमच्या भागातून काय जाते? येसर, काळे तिखट, शेंगदाण्याची चटणी, खारवड्या, कुरडया, ज्वारीचे पीठ, कुकर, तवा. यांतील काही गोष्टी नव्या करोडगिरीत अडकतात. सुके खोबरे तेलकट असल्याने स्वतःहून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते आणि खोबऱ्याच्या वाट्या विमानात अडवल्या जातात. बी-बियाणे, दुधाचे पदार्थ आणि मांस यांबाबत ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड फार कडक आहेत, आणि जे नेले असेल ते न सांगणे हाच तेथे मोठा गुन्हा. म्हणून अनुभवी घरे काळे तिखट घरीच कुटून, नीट बंद करून, वर नाव लिहून देतात. जे तिकडे मिळते ते नेत नाहीत. कागदपत्रे आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवतात, कारण मोठी बॅग चुकली तरी प्रवास चालला पाहिजे. कुर्डुवाडीच्या फलाटाने शिकवलेला नियम आजही लागू आहे: स्वतःला एकट्याने उचलता येईल तेवढेच न्यावे.

एक बाब मात्र कोणत्याही मार्गदर्शनपर पुस्तकात नसते. बॅग भरणारे आणि प्रवासाला जाणारे बहुधा वेगवेगळे असतात. प्रवासी जातो, भरते ती आई, आजी, बायको. येसर भाजण्यापासून बरणीच्या झाकणाला कापड बांधण्यापर्यंतचे श्रम तिचे. मुलाने तिकडे जाऊन काय राहावे, याविषयीची तिची अपेक्षा बॅगेच्या तळाशी असते आणि मुलाची स्वतःची अपेक्षा वरच्या कप्प्यात. दोन्ही एकाच वजनात बसवायच्या असल्याने आदल्या रात्री वाद होतो, तो चटणीच्या पुड्यावरून. श्रीरामपूरच्या सभेत जो करार जाहीरपणे झाला, तोच आता लातूरच्या एखाद्या घरात, काट्याला लटकवलेल्या बॅगेभोवती, न बोलता होत असतो. तो बोलून व्हावा असे आम्हाला वाटते. काय राखायचे हे जाणाऱ्याने, रमाबाईंप्रमाणे, एकेक वस्तू हातात घेऊन ठरवावे आणि बांधून देणाऱ्याने ते ऐकावे. पुडा राहिला काय आणि निघाला काय, मुलाला थंडीत पाय झाकण्याची मोकळीक असली पाहिजे.

मराठीच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना आमची एक विनंती आहे. आपल्या परिसरात परदेशी गेलेल्यांची घरे आता गावोगाव आहेत. त्या घरांत सामानाच्या याद्या असतात. वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलेल्या, खुणा केलेल्या, खोडलेल्या. हजला जाऊन आलेल्यांच्या पेट्यांत याद्या नसतील, पण आठवणी असतील. प्रवासवर्णन लिहिणारे थोडे. याद्या करणारे पुष्कळ, आणि त्यांत स्त्रिया अधिक. प्रवास संपला की ही पाने रद्दीत जातात. ती जमवावीत, तारखेसह जपावीत, आणि खोडलेल्या ओळींकडे विशेष लक्ष द्यावे. काय नेले हे छायाचित्रांतूनही कळू शकते. काय न्यायचे ठरवून मग काढून टाकले, हे सांगणारा दुसरा पुरावा नाही.